बोळातली ओल

“घराचं क्षेत्रफळ किती, काका?” दुकानातल्या बाईनं विचारलं.

“घराचं सोडा. हिच्या गळ्याला भोक आहे, दीड सेंटिमीटरचं. त्याला चालेल असं दाखवा.”

माझी बायको भूदेवी शेजारीच उभी होती, गळ्याला ओलं फडकं बांधून. दुकानातल्या बाईच्या छातीवर ‘स्वरांगी’ अशी पट्टी होती. तिनं फडक्याकडं बघितलं आणि घाईनं नजर हातातल्या पडद्यावर नेली. “तसा पर्याय यात येत नाही, काका. मी चारशे चौरस फूट टाकते.”

ज्यांच्या गळ्याला भोक नाही त्यांच्यासाठी सांगतो. नाक वास घ्यायला असतं असं शाळेत शिकवतात. ते अर्धंच खरं. नाकाचं मोठं काम हवा ओली करण्याचं. बाहेरची हवा कितीही कोरडी असो, नाकपुडीपासून छातीपर्यंतच्या वाटेत ती अंगाइतकी गरम आणि जवळजवळ पूर्ण ओली होते. त्यापायी शरीर दिवसाला सुमारे अर्धा लिटर पाणी खर्च करतं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. भूदेवीनं तीस वर्षं विड्या वळल्या आणि तेवढीच वर्षं मिश्री लावली. अठ्ठावन्नाव्या वर्षी घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं आणि श्वासनलिकेचं तोंड गळ्यावर उघडून दिलं. जीव वाचला, पण नाकाची वाट बंद झाली. आता बाहेरची हवा आहे तशी थेट छातीत उतरते. आणि आमच्या सोलापूरची हवा आता अशी झाली आहे की एप्रिलच्या दुपारी पारा सत्तेचाळीस आणि दमटपणा बारा टक्के. त्या हवेनं कफ सुकतो, त्याची खपली होते, खपली नळीत बसते आणि माणूस बसल्या जागी गुदमरतो. डॉक्टर म्हणाले, फडकं ओलं ठेवा. ते दहा मिनिटांत वाळायचं. पुढं म्हणाले, घराला ह्युमिडिफायर घ्या. बोलून मोकळे झाले.

स्वरांगीबाईंनी तीन तऱ्हा दाखवल्या. एक पाणी उकळून वाफ सोडणारं. एक पाण्याला इतकं थरथरवणारं की त्याचं धुकं होतं. एक ओल्या जाळीतून पंखा फिरवणारं. मी विचारलं, दिवसाला पाणी किती? सात लिटर, आठ लिटर. आमच्या नळाला पाणी सहाव्या दिवशी. घरात प्यायला हंडा मोजून वापरतो आणि रोज सात लिटर हवेत उडवायचे? शिवाय धुकं करणाऱ्या यंत्रात एक मेख होती, ती बाईंनी सांगितली नाही, मी सांगितली. आमच्याकडचं बोअरचं पाणी क्षाराचं. धुक्याबरोबर तो पांढरा क्षारही उडणार आणि नाक नसलेल्या बाईच्या थेट छातीत जाणार.

“तुम्हाला बरंच माहितीये,” स्वरांगीबाई म्हणाल्या.

“सूतगिरणीत एकतीस वर्षं हवा ओली करायचंच काम केलंय, बाई. कोरड्या हवेत सूत तुटतं. गिरणी मालकानं विकली तोवर मीच बघायचो.”

“मग तुम्ही ‘दहिवर’ घ्या. त्याला पाणी लागतच नाही.”

मला हसू आलं. पाण्याशिवाय हवा ओली करणारा भेटला तर त्याच्या पाया पडीन, असं आमचा जुना फोरमन म्हणायचा. मी म्हणालो, “मग आणतं कुठून?”

“बाहेरच्या हवेतून.”

हसू गेलं. मी त्या यंत्राभोवती अर्धा तास फिरलो. बाईंना झाकण काढायला लावलं. आत मधाच्या पोळ्यासारख्या तबकड्या, त्यांवर पिवळसर भुकटीचा थर. कंपनीचं पुस्तक दुकानातच बसून वाचून काढलं. भूदेवी फडकं भिजवून आणत राहिली.

त्या भुकटीची गोष्ट खरंच बघण्यासारखी आहे. धातूचे अणू गाठींसारखे आणि त्यांच्यामध्ये कार्बनच्या काड्या ताण्याबाण्यासारख्या; असं विणलेलं जाळं, पण डोळ्यांना कधी दिसणार नाही इतकं बारीक. सगळी भोकंच भोकं. एक ग्रॅम भुकटी घेतली आणि आतल्या सगळ्या भोकांच्या भिंती उलगडून पसरल्या, तर अर्धा एकर रान झाकेल. हवेतला पाण्याचा कण त्या भोकात येऊन बसतो. थोडं गरम केलं की उठतो. एका बाजूनं बाहेरची हवा ओढायची, पाणी भुकटीत अडकवायचं, कोरडी झालेली हवा परत बाहेर फेकायची. मग तबकडी घराच्या बाजूला फिरवून गरम करायची, म्हणजे तेच पाणी घरात सुटतं. सोलापूरच्या हवेला आपण कोरडी म्हणतो, पण त्या कोरड्या हवेतही घनमीटरला आठ-नऊ ग्रॅम पाणी असतं. तापलेल्या हवेची भूक मोठी म्हणून ते पुरत नाही, एवढंच.

“घेऊ का?” मी भूदेवीला विचारलं.

तिनं अंगठा गळ्यावर दाबला. भोक झाकलं की आतल्या बारक्या झडपेतून हवा घशात जाते आणि आवाज निघतो, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. एका दमात चार-पाच शब्द. एके काळी सगळी गल्ली हिच्या तोंडाला भ्यायची.

“घ्या. नाहीतर इथंच राहाल,” ती म्हणाली.

तिच्या पाटल्या गेल्या. ‘दहिवर’ आलं.

कंपनीच्या माणसानं ते रस्त्याकडच्या भिंतीत बसवलं, चहा प्याला आणि गेला. दिवसाला दोन लिटर पाणी निघायला लागलं. घरातला दमटपणा बारावरून वीसवर गेला. वीसनं काय होतंय? भूदेवी झोपेतून तशीच दचकून उठायची, छाती वाजवत.

माझ्याकडं गिरणीतला एक खुळखुळा होता. म्हणजे लाकडी मुठीला दोन तापमापी, एक सुका आणि एक ओल्या वातीत गुंडाळलेला. मूठ धरून खुळखुळ्यासारखा गरगर फिरवायचा. हवा जितकी कोरडी तितका ओला तापमापी खाली उतरतो. दोन आकड्यांतल्या फरकावरून दमटपणा काढायचा. तो तक्ता मला झोपेतही पाठ आहे. मी दुपारी बाराला तो घेऊन घराभोवती फिरलो. रस्त्यावर अकरा. गच्चीवर दहा. मागच्या दारी चौदा. आणि आमच्या घराच्या बाजूला जो तीन फुटांचा बोळ आहे, तिथं एकोणचाळीस.

माझा विश्वास बसला नाही. तीनदा फिरवला. एकोणचाळीस. बोळात सावली, म्हणून उष्मा दहा अंशांनी कमी, आणि वर घनमीटरला सोळा ग्रॅम पाणी. रस्त्याच्या जवळजवळ दुप्पट. कंपनीचे लोक एसीत बसून यंत्रं काढतात, त्यांना बोळ काय माहीत, असं म्हणत मी संध्याकाळपर्यंत भिंत फोडली आणि यंत्राची दोन्ही तोंडं, ओढायचं आणि फेकायचं, बोळाकडं वळवली.

दुसऱ्या दिवशी घरात बावन्न टक्के.

चौथ्या दिवशी भूदेवी सलग सहा तास झोपली. उठली, चहा ठेवला, अंगठा गळ्यावर ठेवला आणि मला म्हणाली, “तुमची गिरणी चालू झाली.” मग थांबून, दम घेऊन, “आता पगार द्या.”

सात महिन्यांत तिनं केलेली पहिली थट्टा.

यंत्राच्या पडद्यावर पाच तारे आले. कंपनीतून फोन आला, की तुमच्या भागात एवढं पाणी कुणालाच मिळत नाही, तुम्ही केलंत काय? मी ऐटीत सांगितलं. त्यांनी मला ‘तज्ज्ञ ग्राहक’ ठरवून एक टोपी पाठवली. मी ती घातली, हे लपवण्यात अर्थ नाही. गल्लीतले लोक यायला लागले. कुणाच्या पोराचा घोळणा फुटत होता, कुणाच्या म्हातारीचे डोळे चुरचुरत होते. मी खुळखुळा घेऊन जायचो, घराभोवती फिरायचो आणि जिथं ओल जास्त सापडेल तिथं यंत्राचं तोंड काढायचो. अकरा घरांत बसवली. एक रुपया घेतला नाही. कुणी विचारलं की हे पाणी येतं कुठून, तर सांगायचो, हवेतून येतं, हवेला मालक नसतो.

मग एके दिवशी दहाच्या सुमाराला नरसक्का आली.

नरसक्का म्हणजे बोळाच्या पलीकडची आमची शेजारीण. पासष्टीची, विधवा, हातमागावर ऐंशी नंबरच्या सुताची लुगडी विणणारी. असं बारीक सूत हातानं विणणारी गल्लीत ती एकटीच उरली आहे. तिच्या मागाच्या खोलीची खिडकी बोळात उघडते. भूदेवी आणि ती एका सुपावर विड्या वळायच्या, तेव्हापासूनचं त्यांचं जमतं.

“अंबादास, जरा येऊन बघ की,” ती म्हणाली. “तासाला आठ-आठ तारा तुटायल्यात. खळ बदलली. सूत बदललं. व्यापारी म्हणतो, पौर्णिमेपर्यंत चार लुगडी दिली नाहीस तर दुसरीकडं बघतो. माझा हातच गेला की काय, बघ बाबा.”

मी खुळखुळा घेऊन गेलो. तिची खोली मला पाठ होती. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बसायचं, समोर ताणा. खिडकीला चार गोणपाटं, पाण्यानं निथळणारी. चार ओली गोणपाटं असताना त्या खोलीत पासष्ट टक्के तरी असायला पाहिजेत. मी फिरवला. एकतीस.

खिडकीशी गेलो. गोणपाटाला हात लावला. बोळाकडून त्यावर गरम, कोरडा झोत येत होता. माझ्याच यंत्राचा.

तेव्हा मला सगळं कळलं. बोळ तीन फूट रुंद, वीस फूट लांब, बारा फूट उंच. म्हणजे वीस घनमीटर हवा. माझं यंत्र तासाला साठ घनमीटर हवा ओढतं. तासाला तीन वेळा ते अख्खा बोळ पिळून काढत होतं, आणि पिळलेली हवा तिच्या खिडकीत फेकत होतं. आणि बोळात पाणी आलं कुठून? बोळ काही विहीर नाही. ती ओल नरसक्काच्या गोणपाटांची होती. सहाव्या दिवशी येणाऱ्या नळाचं, शिवाय कोपऱ्यावरच्या हापशावरून डोक्यावर आणलेलं तिचं पाणी. वीस वर्षं मी ती गोणपाटं रोज बघत होतो. बोळात एकोणचाळीस टक्के निघाले तेव्हा मी तीनदा खुळखुळा फिरवला आणि एकदाही मान वर करून खिडकीकडं बघितलं नाही.

“काय झालंय?” नरसक्कानं विचारलं.

मी म्हणालो, “उन्हाळा कडक आहे या वर्षी. अजून दोन गोणपाटं लाव.”

हे मी बोललो. गिरणी विकल्यापासून मी मालकाला चोर म्हणत आलो. यंत्रं विकली, जमीन विकली, आमची देणी बुडवली म्हणून दर सभेत उभा राहून त्याला शिव्या दिल्या. आणि माझी पाळी आली तेव्हा तोंडातून काय निघालं, तर अजून दोन गोणपाटं लाव. डोळ्यांसमोर भूदेवी होती, सहा तास झोपलेली. दुसरं काही दिसत नव्हतं.

नरसक्कानं सहा गोणपाटं लावली. आमच्या घरात अठ्ठावन्न टक्के झाले.

असे नऊ दिवस गेले. नरसक्का भर उन्हात हापशावरून पाणी आणायची. दहाव्या दिवशी भूदेवी दारात बसली होती. तिनं तिला थांबवलं. अंगठा गळ्यावर. “एवढं पाणी कशाला, अक्का?”

“तुझा नवराच म्हणालाय, गोणपाटं वाढव म्हणून. गिरणीचा माणूस. त्याला कळतंय त्यातलं.”

मी खिडकीतून बघत होतो. भूदेवी उठली आणि बोळात गेली. आधी नरसक्काच्या गोणपाटांकडं बघितलं, मग आमच्या यंत्राकडं. मग गळ्याचं ओलं फडकं सोडलं आणि यंत्राच्या फेकायच्या तोंडासमोर धरलं. दुसऱ्या हातानं गळ्यावर पदर. तशीच उभी राहिली, ओठ हलवत. मोजत होती. शाळेत चौथीपर्यंत गेलेली बाई. फडकं वाळेपर्यंत तिनं मोजलं, मग ते परत ओलं करून आणलं आणि ओढायच्या तोंडासमोर धरलं. पुन्हा मोजलं. या खेपेला फडकं उशिरा वाळलं, म्हणजे यंत्र बोळातली ओल ओढतं हे तिला कळलं असावं, कारण आत येऊन तिनं यंत्राचं बटण बंद केलं.

“कधीपासून माहीत?” तिनं विचारलं.

“नऊ दिवस.”

मी बटण चालू केलं. तिनं बंद केलं. मी परत हात पुढं केला तेव्हा तिनं माझ्या मनगटावर चापट मारली, पोराला मारतात तशी.

“मग मरतेस का?” मी ओरडलो. “एवढी दगदग केली ती कशासाठी? तिची तार तुटली तर सांधता येते. तुझा श्वास तुटला तर मी काय सांधू?”

“तिचं पाणी,” ती म्हणाली. दम घेतला. “माझ्या छातीत. तिला न विचारता.” पुन्हा दम. “मला गिळवत नाही.”

यंत्र बंद. साडेबाराला घरात चोवीस टक्के, एकला अठरा. मी दर दहा मिनिटांनी फडकं भिजवत होतो. दोनच्या सुमाराला ती स्वयंपाकघरात खाली बसली आणि तिचा हात जमिनीवर आपटायला लागला. भोकातून शिट्टीसारखा आवाज येत होता, मग तोही थांबला. डोळे बाहेर. दवाखान्यात शिकवलं होतं तसं मी मिठाच्या पाण्याचे थेंब आत सोडले, एक, दोन, पाच. विजेरी दातात धरली. आत काळपट खपली दिसत होती, चिंचोक्याएवढी. चिमटा लागत होता आणि सुटत होता. तिसऱ्या खेपेला निघाली. तिनं जो श्वास घेतला त्याचा आवाज मी कधी विसरणार नाही.

दहा मिनिटं आम्ही तिथंच फरशीवर बसलो. मला वाटलं, आता तरी ती म्हणेल, चालू करा. तिनं तोंड पुसलं, फडकं बांधलं, अंगठा गळ्यावर ठेवला.

“चला. अक्काकडं.”

माग खटखटत होता. आम्ही आत गेलो तसा थांबला. भूदेवीनंच सांगितलं, चार-चार शब्दांत, मध्ये दम घेत. यंत्र तुझी ओल ओढतं. यांना माहीत होतं. म्हणून तुझं सूत तुटतं. माझं भोक त्यावर चालतं. एवढं सांगायला तिला पाच मिनिटं लागली, आणि पाच मिनिटं नरसक्का धोट्यावर हात ठेवून माझ्याकडं बघत होती.

“मी माझ्या हातांना शिव्या देत होते,” ती शेवटी म्हणाली. “रात्री तेल लावून शेकत होते हात. आणि तू खिडकीतून बघत होतास.”

“चुकलं, अक्का.”

“चुकणं वेगळं. लुगडं चुकतं, उसवून परत घालते मी. तू खोटं सांगितलंस.” तिनं भूदेवीकडं बघितलं, तिच्या सुजलेल्या डोळ्यांकडं. आवाज जरा उतरला. “हिला पाणी किती लागतं?”

“सात लिटर.”

“हिला?”

“घराला सात.”

“घराला कोण विचारतंय? हिला किती?”

मी हिशेब केला. नाक जेवढं पाणी देतं तेवढं. “अर्धा लिटर. फार तर पाऊण.”

“मग साडेसहा कुणाला पाजतोस? कपाटाला? पंख्याला?” ती माझ्यावर चिडून नव्हे, खरंच न कळून विचारत होती. “ही खोली बघ. मी कधी खोली भिजवते का? ताण्यावर ओलं फडकं टाकते, जिथं तार ताणली जाते तिथंच. गोणपाटं खिडकीला आहेत ती गरम वारा अडवायला. खोली भिजवायला लागले तर नदी आणावी लागेल. तुम्ही गिरणीवाले, तुम्हाला अख्खी शेड ओली करायची सवय. सूत कातायच्या हजार चात्या होत्या तुमच्याकडं. घरात चात्या किती आहेत? एक.”

मी हवेचं काम एकतीस वर्षं केलं आणि हे मला सुचलं नाही. दुकानातल्या बाईनं चारशे चौरस फूट टाकले आणि मीही त्याच चारशे फुटांच्या मागं धावलो. कंपनीला तेच पाहिजे असतं. घर मोठं, यंत्र मोठं. पण कंपनीनं मला बोळाकडं तोंड करायला सांगितलं नव्हतं. ती अक्कल माझी.

त्याच संध्याकाळी मी यंत्राची तोंडं रस्त्याकडं परत वळवली. खाटेला चार काठ्या बांधल्या. नरसक्कानं घट्ट विणीची जुनी दोन लुगडी दिली, म्हणजे भूदेवीच्या हातात दिली. ती मच्छरदाणीसारखी लावली, खालून वीतभर मोकळं ठेवून, आणि यंत्राची घरात सोडायची नळी त्यात नेली. आत किती हवा मावते? चार घनमीटर. रस्त्याच्या हवेतून कसेबसे दोन लिटर निघतात; त्या चार घनमीटरला ते पुरून उरतात. मी आत डोकं घालून खुळखुळा फिरवला तर भूदेवीला लागता लागता राहिला. चौसष्ट टक्के.

“दिवसा काय?” मी म्हणालो. “दिवसभर आत बसवू तुला?”

ते नरसक्कानं आधीच ठरवलं होतं. माझं यंत्र बोळातून गेल्यावर दोनच दिवसांत तिच्या खोलीत पुन्हा पासष्ट झाले. भूदेवी रोज सकाळी तिच्याकडं जाते, ताण्याशेजारी बसते, तुटलेल्या तारा सांधते. सुताला लागते तीच हवा तिच्या छातीलाही चालते. पौर्णिमेपर्यंत तीन लुगडी झाली, चौथं राहिलं. व्यापारी कुरकुरला, पण गेला नाही. मी एकदा दुपारी सहज आत डोकावलो तर नरसक्का वर न बघता म्हणाली, “भूदेवी बसलीय. तुझं काय काम?”

मी बाहेरच थांबलो. ती म्हणाली, “आणि ती अकरा? ती कुणाच्या खिडकीखाली लावलीस, बघितलंस का?”

बघितलं नव्हतं.

राजाराम बिर्रू गिरणीच्या रिंग खात्यातला माझा जोडीदार, दोन गल्ल्या पलीकडं राहतो. त्याच्या नातवाचा घोळणा रोज फुटायचा म्हणून मी त्याच्या मागच्या भिंतीत यंत्र बसवलं होतं. तिथं बत्तीस टक्के निघाले होते. मी त्याच्या दारात गेलो.

“काय बे अंबादास, टोपी कुठाय?” तो म्हणाला.

मी बसलो आणि सगळं सांगितलं. गोणपाटं, नऊ दिवस, खोटं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, “पोराचं रक्त थांबलंय. बावीस दिवस झाले. तू आता काढ म्हणणार, आणि मी काढणार नाही. सरळ सांगतो.”

“काढ नाही म्हणत. आधी बघू या.”

“काय?”

“तुझ्या यंत्रात कुणाचं पाणी येतंय ते.”

“हवेतलं येतंय की. तूच म्हणालास.”

“मी म्हणालो होतो. मागं कोण राहतं तुझ्या?”

बिर्रूनं दाढी खाजवली. “मागं भिंत आहे.”

“भिंतीच्या मागं?”

“एकोणीस वर्षं राहतोय बे इथं. कधी बघितलं नाही.”

आम्ही परसात गेलो. त्यानं लोखंडी स्टूल आणलं, मला धरायला सांगितलं आणि गुडघ्यावर हात देत वर चढला. यंत्र घरघरत होतं. भिंतीवरून त्याचं डोकं पलीकडं गेलं.

“काय आहे?” मी खालून विचारलं.

“कुंड्या आहेत. डबे, फुटक्या बादल्या, शंभरेक. आळू लावलाय वाटतं कुणीतरी.”

“कसा आहे?”

“करपलाय. आपल्या बाजूचा सगळा करपलाय. तिकडचा हिरवा आहे.” तो थांबला. मग आवाज खाली आणून म्हणाला, “एक म्हातारी बसलीय, लोट्यानं एकेका डब्यात पाणी घालतेय. बघायली माझ्याकडं.”

“मग बोल की,” मी म्हणालो.